वडवणीला आठवणी, केजला तेज



मार्च महिना लागला की आमच्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. काहीजण वर्षअखेरीची बिले घेऊन कचेरीत येतात. बाकीचे वह्या घेऊन संध्याकाळी घरी येतात, आणि ती बहुतेक पोरेसोरे असतात. चौदा एप्रिल तोंडावर आलेला असतो, गाणे अर्धे झालेले असते आणि घोडे एकाच ठिकाणी अडलेले असते. "काका, गेवराईला काय जुळेल?" "काका, आष्टीला यमकच नाही हो!" आम्ही शिकलो बी. कॉम., पोट कारकुनीवर चालते, कवी म्हणून आम्हांला कोणी ओळखत नाही. पण कचेरीत गावनिहाय याद्या तपासता तपासता गावांची नावे तोंडपाठ झाली आहेत, आणि जलशाची गाणी लहानपणापासून कानावर आहेत. या दोन गोष्टींच्या जोरावर आम्ही पोरांना थोडेफार सांगतो. तेच यंदा या सदरात लिहावे असे ठरवले.

आपल्या बीड जिल्ह्यात अकरा तालुके आणि तेराशेच्या वर गावे. यांतली गाण्यात किती आली? महाड आले, येवला आले, नाशिक आले, नागपूर तर प्रत्येक गाण्यात आले. ते यायलाच हवे. पण मांजरसुंबा, रायमोहा, डोंगरकिन्ही, मादळमोही, चकलांबा, दिंद्रुड ही नावे आपल्या गाण्यात शोधून सापडत नाहीत. कारण विचारले तर लिहिणारे पोरगे सांगते, "यमक बसत नाही." हे कारण आम्हांला मान्य नाही.

आधी यमक म्हणजे काय ते पाहू. शेवटचे अक्षर सारखे आले की झाले, असे पुष्कळांना वाटते. 'केज' आणि 'बीज' या दोन्हींच्या शेवटी 'ज' आहे. पण एकाखाली एक ठेवून गाऊन पाहा, कानाला खटकते. शेवटच्या व्यंजनाच्या आधीचा स्वरसुद्धा जुळावा लागतो. केजमध्ये तो 'ए' आहे. म्हणून केजला तेज चालते, शेज चालते आणि पेज चालते. गाणे जयंतीचे असेल तर पोरे 'तेज' घेतात. आम्ही म्हणतो, 'पेज' घेऊन बघा. दुष्काळात पेजेवर दिवस काढलेली म्हातारी माणसे समोर बसलेली असतात, त्यांना ते गाणे लगेच आपले वाटेल. बीडला चीड जुळते, कीड जुळते, भीड जुळते. मोर्चाच्या गाण्याला याहून वेगळे काही लागत नाही.

जितकी जास्त अक्षरे मागून जुळतील तितके यमक भरीव. अंबाजोगाईला 'आई' जुळते, 'शाई' जुळते, 'रमाई' जुळते. पण 'महागाई' घेतली तर 'गाई' ही दोन अक्षरे पूर्ण मिळतात आणि ऐकणारा मान वर करतो. गेवराईला 'वनराई' आणि 'आमराई' असेच मिळतात. वडवणीला तर देणगीच आहे. 'आठवणी' आणि 'पाठवणी'. लेकीची पाठवणी वडवणीहून झाली असेल तर गाणे अर्धे लिहून झाले म्हणा. चौसाळ्याला उन्हाळा, पावसाळा आणि शाळा. घाटसावळीला कोवळी. चकलांब्याला आंबा आणि थांबा. नेकनूरला सूर. धारूरला दूर, मजूर, भरपूर.

पाटोद्याचे आम्हांला विशेष वाटते. पाटोद्याला जुळणारे गाव बडोदा. ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले आणि १९१७ साली नोकरीवर रुजू झाल्यावर जिथे त्यांना राहायला जागा मिळेना, ते हे बडोदा. शिवाय 'मसुदा' या शब्दाचे 'मसोदा' असेही एक रूप मराठीत आहे. म्हणजे पाटोदा, बडोदा आणि संविधानाचा मसोदा असे तीन शब्द एका माळेत येतात. पाटोद्याच्या कोणा शाहिराने हे आजवर उचलले असेल तर उत्तम. नसेल तर आता उचलावे.

आष्टी मात्र खरोखर अवघड आहे. गोष्टी, सृष्टी, दृष्टी हे सगळे 'ष्टी'ने संपतात, पण 'आ' काही मिळत नाही. सर्वांत जवळचा शब्द 'कष्टी'. चालीत 'क' थोडा ओढला की तो आष्टीच्या शेजारी बसतो. लिहिताना खोट दिसते, गाताना दिसत नाही. गाणे गायचे असते, परीक्षेच्या पेपरात लिहायचे नसते.

यावरून आठवले, यमक डोळ्यांनी जुळवू नये. 'आतुर' हा शब्द आपण ऱ्हस्व लिहितो, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे. 'धारूर' दीर्घ लिहितो. बोलताना दोन्हींचा शेवट सारखाच लांब होतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी लिहिणे एकसारखे केले, कानाला त्यांनी काही सांगितले नाही. एखादा पोरगा वही पुढे करून "सर म्हणाले हे यमक चुकीचे आहे" असे सांगतो, तेव्हा आम्ही वही बाजूला ठेवतो आणि म्हणतो, गाऊन दाखव.

'गाव', 'पूर' आणि 'वाडी' यांनी संपणाऱ्या नावांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. माजलगावला नाव, घाव, भाव, डाव, ठाव, ठराव असे पाहिजे तेवढे शब्द मिळतात. सोपे आहे म्हणूनच सगळे तेच करतात आणि गाणी एकमेकांसारखी होतात. एक पथ्य मात्र सांगून ठेवतो. नागपूरला चंद्रपूर जुळवणे हे यमक नव्हे. 'पूर'ला 'पूर' ही नुसती पुनरुक्ती झाली. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्या वेळी त्या गावाला चांदा म्हणत. चांद्याला खांदा जुळतो, कांदा जुळतो. गाणे त्या दिवसाचे असेल तर जुने नाव घेण्यात काहीच गैर नाही, उलट ते जास्त खरे.

आता आपल्या इतिहासातली मोठी गावे घेऊ. महाड हे नाव पहिल्यांदा ऐकताना रुक्ष वाटते. पण शब्द मोजायला बसा. पहाड, झाड, हाड, लबाड, कवाड, बिऱ्हाड, कुऱ्हाड, आणि शेवटी 'आड'. आपल्याकडे विहिरीला आड म्हणतात, आणि वाटेत येणाऱ्यालाही 'आड आला' म्हणतात. २० मार्च १९२७ ला महाडला जे घडले ते पाण्यासाठीच घडले आणि पाण्याच्या आड येणाऱ्यांच्या विरुद्ध घडले. एका दोन अक्षरी शब्दात दोन्ही अर्थ आयते मिळतात. येवल्याला ठेवला, जेवला ही क्रियापदे मिळतात, ती कामचलाऊ आहेत. पण 'तेवला' घेऊन पाहा. दिवा तेवला, येवला. १३ ऑक्टोबर १९३५ च्या त्या घोषणेला याहून वेगळे यमक कशाला? बोधगयेला 'दया', श्रावस्तीला 'वस्ती', वैशालीला 'मशाली', कुशिनाऱ्याला 'वारा' आणि 'तारा'. बुद्धाच्या काळची गावे आपल्या भाषेत इतकी सहज बसतात आणि आपल्या शेजारची डोंगरकिन्ही बसत नाही म्हणे!

मराठवाड्यातल्या दोन नावांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९४१ साली कसबे तडवळे येथे परिषद झाली आणि स्वतः बाबासाहेब तिथे आले होते. तडवळे हे नाव परक्या माणसाला बोजड वाटेल. पण कळे, वळे, मळे, गळे, खळे आणि तळे हे सगळे त्याचे सोबती आहेत. 'तळे' म्हटले की चवदार तळे आलेच. म्हणजे कोकणातले महाड आणि मराठवाड्यातले तडवळे एका कडव्यात सहज येतात. दुसरे गाव मक्रणपूर, कन्नड तालुक्यातले, १९३८ च्या परिषदेचे. त्याचा शेवट 'पूर' असल्याने ते नागपूरच्या गाण्यात कुठेही बसते, तरी ते कोणी बसवलेले आमच्या कानावर आले नाही.

आता यमक खरोखरच मिळत नसेल तर काय करावे? जुन्या जाणत्यांनी यावर वाटा काढून ठेवल्या आहेत. पहिली वाट आपल्या विभक्तीची. मराठीत गावाचे नाव उघडे क्वचितच राहते. त्याला 'ला', 'त', 'ची' लागते आणि लागले की शेवट बदलतो. नागपूरचे नागपुरात झाले की उरात, सुरात, धुरात असा नवा कप्पा उघडतो. चौसाळ्यात आणि उन्हाळ्यात. वडवणीत आणि आठवणीत. उसाच्या तोडीला जाणाऱ्या एका कुटुंबासाठी आम्ही दोन ओळी जुळवल्या होत्या, त्या अशा:

भाकर बांधून दिली मायनं निघताना वडवणीत,
कोपीमधल्या चुलीपुढं ती आली आठवणीत.

परळीचेही तसेच आहे. परळीला नेमके जुळणारे गाव म्हणजे मुंबईतली वरळी. मराठवाड्यातून पोट भरायला किती माणसे मुंबईला गेली, ते वाचकांना आम्ही सांगायला नको.

माय राहिली परळीला,
बाप गिरणीत वरळीला.

यात कविता फारशी नाही हे आम्हांलाही कळते. पण एका कार्यक्रमात हे दोन चरण गायले गेले तेव्हा मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

दुसरी वाट म्हणजे नाव ओळीच्या शेवटी न ठेवता ओळीच्या पोटात ठेवणे. अण्णा भाऊ साठे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लिहिली. तीत बेळगाव, कारवार, निपाणी अशी गावे येतात. ती यमकासाठी ताटकळत उभी नाहीत. ती ओळीच्या आत शिरली आहेत आणि शेवट 'ची' या प्रत्ययावर सोडला आहे. 'ची'ला 'ची' जुळणारच. पोवाड्यातही हीच युक्ती. म्हणून पोवाड्यात कोणत्याही किल्ल्याचे, कोणत्याही खेड्याचे नाव खपून जाते. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशातला गण आणि गौळण बाजूला सारून आंबेडकरी जलसा उभा केला, तेव्हा त्यांना गावोगाव फिरून तिथल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलायचे होते. तिथे गावाचे नाव टाळून कसे चालले असते? वामनदादा कर्डकांचे मूळ गाव सिन्नर तालुक्यातले देशवंडी. तेही काही फार गोड नाव नव्हे. पण थंडी, बंडी, पाखंडी असे शब्द त्यालाही आहेतच.

तिसरी वाट आपल्याकडे कव्वालीतून आली. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उर्दूचा वारा आपल्या बोलीला लागलेला आहे आणि भीमगीतांच्या कव्वालीच्या मुकाबल्यांनी रात्री जागवल्या आहेत. उर्दू शायरीत काफिया आणि रदीफ अशा दोन गोष्टी असतात. रदीफ म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी पुन्हा पुन्हा तोच येणारा शब्द. काफिया म्हणजे त्याच्या आधीचे यमक. मग गावाचे नावच रदीफ केले तर? त्याला यमक शोधायची गरजच उरत नाही. यमक त्याच्या आधीच्या शब्दाला शोधायचे. मांजरसुंब्यासाठी आम्ही पोरांना नेहमी हे उदाहरण देतो:

घाट उतरता मागं राहतो दूर मांजरसुंबा,
डोळ्यांमधल्या पाण्यामधला धूर मांजरसुंबा.

कोणी मांजरसुंबा लिहितात, कोणी मांजरसुंभा लिहितात. रदीफ केल्यावर तोही वाद मिटतो, ज्याला जे म्हणायचे ते म्हणू द्यावे. पाळण्यातही शेवटी ठरलेले पालुपद येते आणि गावाचे नाव त्याच्या आधी कुठेही टाकता येते. आपल्या आयाबायांना रदीफ हा शब्द माहीत नव्हता, पण ही रीत त्यांना अवगत होती.

बायांचे नाव निघाले म्हणून सांगतो. जात्यावरच्या ओव्या हा गावांच्या नावांचा सर्वांत मोठा साठा आहे. माहेर, सासर, भाऊ कुठून येतो, मामा कुठे राहतो, हे सगळे नावानिशी तिथे असते. मात्रा कमी पडली तर मध्ये 'बाई' घालायचे आणि पुढे जायचे. पुण्यात गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामात १९९६ साली आपल्या माजलगावच्या भीमनगरातही ध्वनिमुद्रण झाले आणि तिथल्या महिलांनी बाबासाहेबांवरच्या, बुद्धावरच्या ओव्या गायल्या. आता त्या ओव्या मोबाईलवर ऐकता येतात. घरात तरुण मुले असतील तर त्यांच्याकडून लावून घ्या आणि गावाचे नाव ओवीत कसे बसते ते कान देऊन ऐका. चक्की आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि आपल्याकडची ही शाळा बंद पडली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतली एक मुलगी वही घेऊन आली. बारावीला होती. तिने आजीवर गाणे लिहिले होते. आजी डोंगरकिन्हीची. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, हातावर अजून घट्टे असलेली. जयंतीच्या कार्यक्रमात गाणे घेतो असे एका गायन पार्टीच्या प्रमुखांनी कबूल केले होते, पण अट घातली होती की "डोंगरकिन्ही काढ, त्याला यमक नाही. तिथे नागपूर घाल, लोक टाळ्या देतात." मुलगी रडकुंडीला आली होती. तिचे म्हणणे एवढेच की आजी आयुष्यात कधी नागपूरला गेली नाही. खडी फोडायला मुलाबाळांना टाकून जाता येत होते, दीक्षाभूमी पाहायला जायचे तर भाडे नव्हते. त्या बाईच्या गाण्यात नागपूर घालायचे म्हणजे ती जे जगली ते पुसून, जे जगली नाही ते लिहायचे.

आम्ही तिला रदीफ, विभक्ती, सगळे सांगितले. ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी हसत आली. यमक तिला आजीनेच दिले होते. आजीला तिने विचारले, "खडी फोडायला किती वेळ जायचीस गं?" आजी म्हणाली, "येळ कसला, तिन्ही येळा तिथंच." किन्ही आणि तिन्ही. आम्ही इतकी वर्षे याद्या वाचतो, पण हे आम्हांला सुचले नव्हते. मग तिने लिहिले:

खडी फोडली माझ्या आजीनं, गाव डोंगरकिन्ही,
सकाळ, दुपार, दिवेलागण, घामाच्या वेळा तिन्ही.

पार्टीच्या प्रमुखांनी तरीही ते घेतले नाही. वस्तीतल्या मुलींनी कार्यक्रमाच्या आधी, माईक तपासून होईपर्यंतच्या वेळात, ढोलकीवर ते म्हटले. आजी खुर्चीवर बसली होती. आपल्या गावाचे नाव स्पीकरमधून आले तेव्हा तिने शेजारणीला विचारले, "माझंच गाव म्हनली का गं ती?"

काही वाचक म्हणतील, एका खेड्याचे नाव गाण्यात आले काय आणि नाही आले काय, फरक काय पडतो? त्यांना आम्ही लुंबिनीची गोष्ट सांगतो. सम्राट अशोक राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी तिथे गेला आणि त्याने दगडी स्तंभ उभा केला. त्या स्तंभावरचा लेख अगदी लहान आहे. बुद्धाचा जन्म इथे झाला एवढे सांगून तो थांबत नाही. गावाचे नाव कोरतो आणि त्या गावाचा कर कमी करून आठवा हिस्सा केला, हेही कोरतो. पुढे शतकानुशतके जंगल वाढले आणि जागा विसरली गेली. १८९६ साली नेपाळच्या तराईत तो लेख उजेडात आला तेव्हा दगडावरच्या त्या नावामुळे जागेची खात्री पटली. अशोकाने 'एका पवित्र ठिकाणी' असे मोघम लिहिले असते तर आज आपण कुठे जाऊन वंदना केली असती? आम्ही कारकून माणसे, हिशेबाने बोलतो. कर किती माफ झाला आणि कोणत्या गावाचा, दोन्ही नोंदी हव्यात. आपल्याकडे दगड कोरणारे नाहीत, गाणारे आहेत.

नावे बदलतात तेव्हा यमकाचे काय होते, हाही प्रश्न हल्ली पोरे विचारतात. महूचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ साली झाले. अहमदनगर २०२४ पासून अहिल्यानगर. आपली अंबाजोगाई निजामाच्या काळात मोमिनाबाद होती. जुनी गाणी जुन्या नावांनी बांधलेली आहेत. औरंगाबादला नाद, साद, याद, जिंदाबाद असे यमक होते. तिथे संभाजीनगर घातले की सगळे कडवे मोडते. आमचे मत विचाराल तर जुन्या गाण्याला हात लावू नये. ते ज्या साली लिहिले गेले त्या सालचे नाव त्यात राहू द्यावे. नवे गाणे लिहायचे तर नव्या नावाला नवे शब्द आहेत. धाराशिवला जीव आहे, कीव आहे, आणि गावची शीव आहे. शिवेबाहेर ज्यांना ठेवले त्यांनी 'शीव' हा शब्द वापरू नये तर कोणी वापरावा?

विद्यापीठाच्या नावासाठी तर आपल्या माणसांनी सोळा वर्षे झीज सोसली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव लागले. मधल्या काळात घरे जळाली, माणसे गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे गेले. टेंभुर्णी हे नावही कोणाला कठीण वाटेल. कठीण वाटले तरी ते बदलून चालणार नाही. ते शेवटी बसत नसेल तर ओळीच्या मध्ये घ्या, रदीफ करा, पण घ्या. आणि विद्यापीठाला यमक कोणते हे कोणी विचारले तर आम्ही सांगतो, पीठ आणि मीठ. ज्यांच्या घरी या दोन वस्तूंची मारामार होती त्यांनीच ते नाव लावून घेतले.

वस्त्यांच्या नावांचेही असेच आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर, शाहूनगर अशी नावे त्यात सुचवली. पुष्कळ ठिकाणी लोकांनी ते आधीच केले होते, कागदावर मागून आले. काही कागद तर अजून यायचे आहेत, हे आम्ही टेबलावर बसून सांगतो. यावर एक पोरगा म्हणाला, "काका, जुन्या नावाला वाडा, गाडा, माडा असे भरपूर यमक होते, नगरला काय आहे?" जागर आहे, घागर आहे, सागर आहे. आणि नसते तरी ते जुने नाव परत घ्यायचे नव्हते. यमकासाठी एवढी किंमत कोणी मोजू नये.

शेवटी ऊसतोडीच्या मंडळींबद्दल. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे उचल घेऊन, कोयता घेऊन निघतात. सांगली, कोल्हापूर, पुढे कर्नाटकात. पोरांच्या शाळा तिथेच सुटतात. त्यांच्या गाण्यात दोन गावे येतात, एक निघाल्याचे आणि एक पोहोचल्याचे. सांगलीला सगळे 'चांगली' जुळवतात. फडातल्या एका बाईंनी आमच्यासमोर 'पांगली' जुळवले. घरची माणसे पांगली, सांगली. त्यावर आम्ही काही सुधारणा सुचवली नाही. निपाणीला 'पाणी' जुळते हे तर लहान पोरही सांगेल. त्याच निपाणीला १९२५ साली बाबासाहेबांच्या उपस्थितीत बहिष्कृतांची परिषद भरली होती, हे मात्र त्या वाटेने जाणाऱ्या ट्रॅक्टरमधल्या किती पोरांना माहीत असेल? कोणी एक कडवे लिहिले तर माहीत होईल.

आमच्या यादीत अजून काही नावे राहिली आहेत. मादळमोहीला 'डोही' सापडला आहे. रायमोह्याला 'दोहा' आणि 'लोहा' आहे, पण मन भरत नाही. टाकरवणला 'आठवण' आणि 'सारवण' दोन्ही आहेत, त्यांतले सारवण आम्हांला जास्त आवडते. दिंद्रुड मात्र अजून हट्टाला पेटले आहे. 'गारुड' आणि 'भारूड' यांच्यापुढे आम्ही गेलो नाही. दिंद्रुडच्या, त्यातही माहेर दिंद्रुड असलेल्या, वाचक भगिनींनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकावे. कार्ड जयंतीच्या आधी पोहोचले तर बरे, कारण त्या गावचा एक मुलगा दर दोन दिवसांनी विचारायला येतो आहे.